दातांच्या डॉक्टरांचे पहिले उस्ताद: डॉ. रफीउद्दीन अहमद

दरवर्षी २४ डिसेंबरला देशभरातले दातांचे डॉक्टर 'राष्ट्रीय दंतचिकित्सक दिन' साजरा करतात. शाळांमध्ये मुलांचे दात तपासले जातात, मोफत शिबिरं भरतात, दंत महाविद्यालयांत कार्यक्रम होतात. ही तारीख निवडली गेली ती एका माणसाच्या वाढदिवसावरून. त्यांचं नाव डॉ. रफीउद्दीन अहमद. भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय त्यांनी काढलं.

आपल्या घरांमध्ये मौलाना आझाद, डॉ. झाकीर हुसेन, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ही नावं लहान मुलांनाही माहीत असतात. डॉ. अहमद यांचं नाव मात्र फारसं निघत नाही. ज्या घरात मुलगी बीडीएस करतेय, त्या घरातही नाही. म्हणून आज आम्ही त्यांच्या कारकिर्दीबद्दल थोडं सविस्तर लिहितोय.

याला आणखी एक कारण आहे. नीटचा निकाल लागला की अनेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं: 'एमबीबीएसला नंबर नाही लागला, म्हणून बीडीएस घेतलं.' हे वाक्य इतक्या नाराजीनं बोललं जातं की पोरीला वाटावं, आपण कुठेतरी कमीच पडलो. ज्या माणसानं हे शिक्षण या देशात सुरू केलं, त्याच्यापुढे तर नंबर लागायला एक कॉलेजसुद्धा नव्हतं. त्यानं काय काय उभं केलं, आणि उभं केलेलं शेवटी कुणाच्या हाती दिलं, हे समजून घेतलं की त्या वाक्यातली नाराजी आपोआप कमी होईल, असं आम्हाला वाटतं.

ढाका, अलीगढ आणि तिथून अमेरिका

रफीउद्दीन अहमद यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमधल्या बर्धनपाडा या गावी झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. सुरुवातीची तालीम ढाक्याच्या मदरशात झाली. पुढे ते अलीगढला गेले आणि १९०८ मध्ये तिथून पदवीधर झाले. त्या वेळी अलीगढ विद्यापीठ झालेलं नव्हतं. सर सय्यद अहमद खान यांनी काढलेलं मोहम्मडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज म्हणून ते ओळखलं जायचं. विद्यापीठाचा दर्जा १९२० मध्ये मिळाला.

अलीगढमधून पदवी घेतलेल्या मुलापुढे तेव्हा ठरलेल्या वाटा होत्या. सरकारी नोकरी करायची, वकिली करायची, नाहीतर विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हायचं. रफीउद्दीन यांनी यातलं काहीच केलं नाही. १९०९ मध्ये ते अमेरिकेला निघाले. तिथल्या आयोवा विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयातून १९१५ मध्ये त्यांनी डीडीएस, म्हणजे दंतशल्यचिकित्सेची डॉक्टर ही पदवी मिळवली.

अमेरिकाच का, हे समजायला जरा मागे जावं लागेल. जगातलं पहिलं दंत महाविद्यालय अमेरिकेत बाल्टिमोर इथे १८४० मध्ये निघालं. त्याआधी दात काढणं हे न्हाव्याचं, सोनाराचं किंवा बाजारात फिरणाऱ्या कारागिराचं काम समजलं जायचं. उस्तादाच्या हाताखाली राहून जेवढं उचलता येईल तेवढं उचलायचं, असा तो हुनर होता. बाल्टिमोरनंतर चित्र पालटलं. शरीरशास्त्र, रोगांचा अभ्यास, औषधं आणि हातांचं काम या सगळ्यांची सांगड घालून दंतवैद्यक रीतसर शिकवलं जाऊ लागलं. आयोवाचं दंत महाविद्यालय १८८२ पासून सुरू होतं. म्हणजे रफीउद्दीन तिथे पोहोचले तेव्हा त्यांच्या शिक्षकांकडे पाव शतकाहून जास्त अनुभव होता.

वाकड्या दातांची विद्या तेव्हाच आकार घेत होती

आज दातांना तार लावलेली मुलं शाळेत सर्रास दिसतात. आपण त्याला 'क्लिप बसवली' किंवा 'ब्रेसेस लावले' म्हणतो. हे काम करणाऱ्या तज्ज्ञाला ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. ही शाखा अहमद अमेरिकेत असतानाच्या त्याच काळात आकाराला येत होती.

तिचे जनक मानले जातात ते एडवर्ड अँगल. १८९९ मध्ये त्यांनी वेड्यावाकड्या दातांचं वर्गीकरण मांडलं. वरच्या आणि खालच्या पहिल्या मोठ्या दाढा एकमेकींवर कशा बसतात, यावरून त्यांनी तीन मुख्य वर्ग पाडले. पहिल्या वर्गात दाढा नीट बसतात पण पुढचे दात गर्दीमुळे वाकडे होतात. दुसऱ्यात खालची दाढ मागे पडलेली असते, तिसऱ्यात ती पुढे आलेली असते. सव्वाशे वर्षं होऊन गेली, पण आजही आपल्या मुलाच्या केसपेपरवर डॉक्टर 'क्लास वन', 'क्लास टू' असं लिहितात ते या वर्गीकरणाच्या आधारेच.

अँगल यांनी तेवढ्यावर थांबायचं नाही असं ठरवलं. सर्वसाधारण दंत महाविद्यालयात या विषयाला पुरेशी जागा मिळत नाही, हे पाहून १९०० मध्ये सेंट लुईस इथे त्यांनी फक्त याच विषयाची स्वतःची शाळा काढली. दंतवैद्य झालेले लोक तिथे येऊन हा एकच विषय शिकायचे. त्याच सुमारास या तज्ज्ञांची संघटनाही स्थापन झाली.

हे सगळं सांगायचं कारण असं, की अमेरिकेत तेव्हा काय चाललं होतं ते लक्षात यावं. कुशल माणसं आधीही होती. पण हुनराचा पेशा व्हायला लागलेल्या गोष्टी तिथे एकेक करून उभ्या राहत होत्या: शाळा, पुस्तक, नियतकालिक, संघटना आणि परवान्याचा कायदा. अहमद यांनी आयोवात दात भरायला शिकता शिकता हेही पाहिलं असणार. कारण भारतात परतल्यावर त्यांनी जे केलं, त्याचा क्रम जवळपास हाच आहे.

बोस्टनचं मुलांचं रुग्णालय

पदवीनंतर ते बोस्टनला गेले आणि १९१८ पर्यंत तिथल्या फोर्साइथ डेंटल इन्फर्मरी फॉर चिल्ड्रनमध्ये काम केलं. ही संस्था फोर्साइथ कुटुंबाच्या देणगीतून उभी राहिली होती आणि १९१४ मध्ये सुरू झाली होती. शहरातल्या गरीब घरच्या मुलांचे दात तिथे नाममात्र पैशात तपासले आणि दुरुस्त केले जायचे.

त्या काळात हा विचार नवा होता. दाताचा उपचार म्हणजे पैसेवाल्यांची चैन, आणि गरिबाचा दात दुखला तर तो उपटून टाकायचा, असाच रिवाज होता. फोर्साइथमध्ये उलट चालायचं. मूल लहान आहे तेव्हाच दात पाहायचे, कीड लागली असेल तर भरायचे, आणि दात वाचवायचा. तीन वर्षं हे काम करून, पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये डॉ. अहमद मायदेशी परतले.

आइस्क्रीमच्या पैशातून दातांचं कॉलेज

तेव्हाच्या भारतात दातदुखी झाली की लोक कुठे जायचे? लवंग दाबून धरायचे, ताईत बांधायचे, वैदूकडे जायचे. बाजारात चटई टाकून बसलेला माणूस चिमट्यानं दात उपटायचा आणि कवळीही बसवून द्यायचा. मोठ्या शहरांत चिनी दंतवैद्यांची दुकानं होती. बापाकडून मुलाकडे आलेला तो हुनर होता. परदेशात शिकून आलेले थोडे दंतवैद्य होते, पण त्यांच्याकडे साहेबलोक आणि श्रीमंत जायचे. या देशातल्या मुलाला दंतवैद्य व्हायचं असेल तर देशात शिकायची सोय नव्हती.

१९२० मध्ये डॉ. अहमद यांनी कलकत्त्यात दंत महाविद्यालय सुरू केलं. पैसा कुठून आणायचा, हा पहिला प्रश्न. त्यावर त्यांनी काढलेला मार्ग ऐकून आजही हसू येतं. त्यांनी कलकत्त्यात 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं आइस्क्रीम आणि थंड पेयांचं दुकान टाकलं. अमेरिकेत अशी दुकानं त्यांनी पाहिली होती. त्या दुकानाच्या कमाईतून कॉलेजचा खर्च भागू लागला. गोड खाऊन दात किडतात हे दातांच्या डॉक्टरला वेगळं सांगायची गरज नाही. पण लोकांच्या जिभेच्या चोचल्यांमधून लोकांच्याच दातांची सोय त्यांनी केली.

यातली गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. सरकारी मदत मिळेल, कोणी शेठ देणगी देईल, मग बघू, असं म्हणत ते थांबले नाहीत. आधी धंदा केला आणि त्या धंद्याच्या खांद्यावर शिक्षण उभं केलं. आपल्याकडे एखादी शाळा किंवा वसतिगृह काढायचं ठरलं की पहिली पायरी चंद्याची पावती पुस्तकं छापण्याची असते. चंदा वाईट नाही. पण दर महिन्याला पगार द्यायचे असतात, तेव्हा नियमित कमाईचा एखादा झरा लागतोच. हे डॉ. अहमद यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

सुरुवातीला अभ्यासक्रम अगदी छोट्या मुदतीचा होता. मग हळूहळू त्याची वर्षं वाढवली गेली. एकदम मोठी इमारत, मोठा अभ्यासक्रम असं न करता जेवढं पेलवेल तेवढंच, पण दरवर्षी थोडं पुढे, असा तो प्रवास होता.

मुंबईशी जोडलेला एक धागा

या महाविद्यालयाचा मुंबईशी फार लवकर संबंध आला. मोहम्मद अली जिना यांच्या भगिनी फातिमा जिना यांनी दंतवैद्यकाचं शिक्षण कलकत्त्यात डॉ. अहमद यांच्या महाविद्यालयात घेतलं. १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत आपला दवाखाना उघडला. त्यांचं पुढचं राजकारण आणि फाळणीनंतरचं आयुष्य हा वेगळा विषय आहे. पण शंभर वर्षांपूर्वी एक मुस्लिम तरुणी घरापासून दूर कलकत्त्यात राहून दंतवैद्यक शिकते आणि मुंबईत स्वतःच्या नावाचा दवाखाना चालवते, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. आज नांदेड, मालेगाव, रत्नागिरीहून पुण्या-मुंबईला बीडीएससाठी जाणाऱ्या आपल्या मुलींची वाट तेव्हाच मळायला लागली होती.

कलकत्त्यानंतर इतर शहरांतही सोय झाली. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झालं. लाहोरलाही त्याच दशकात दंत महाविद्यालय निघालं. एकदा रस्ता दिसला की दुसरे चालू लागतात, तसं झालं.

पुस्तक, मासिक, संघटना

कॉलेज काढून डॉ. अहमद स्वस्थ बसले असते तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण त्यांना कळत होतं की नुसतं कॉलेज पुरत नाही. पदवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा गावात जाऊन दवाखाना थाटेल, आणि पाच वर्षांत त्याचं ज्ञान शिळं होईल. म्हणून १९२५ मध्ये त्यांनी दोन गोष्टी केल्या.

पहिली, बंगाल डेंटल असोसिएशन ही संघटना स्थापन केली. आजच्या इंडियन डेंटल असोसिएशनची सुरुवात इथून झाली असं मानलं जातं. दुसरी, 'इंडियन डेंटल जर्नल' हे नियतकालिक सुरू केलं. त्याचं संपादन त्यांनी स्वतः १९४६ पर्यंत केलं. एकवीस वर्षं! कॉलेज चालवत, रुग्ण बघत, इतकी वर्षं नियतकालिक चालू ठेवणं म्हणजे काय, हे छापखान्याचे हेलपाटे घातलेल्यालाच कळेल.

१९२८ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी 'ऑपरेटिव्ह डेंटिस्ट्री'वर एक हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली. ऑपरेटिव्ह डेंटिस्ट्री म्हणजे किडलेला भाग कोरून काढणं, पोकळी साफ करून भरणं आणि दात जागेवर वाचवणं. विषयाची ही निवडच बरंच काही सांगून जाते. ज्या देशात दाताचा उपचार म्हणजे दात उपटणं, तिथे त्यांनी विद्यार्थ्यांच्या हातात दिलं ते दात वाचवायचं पुस्तक. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातला धडा त्यांनी असा कलकत्त्यात आणला.

कायद्याची लढाई

तरीही एक अडचण राहिलीच. चार वर्षं शिकलेला आणि काहीच न शिकलेला, दोघेही एकाच गल्लीत 'डेंटिस्ट' असा बोर्ड लावू शकत होते. रुग्णाला फरक कसा कळणार? यावर उपाय एकच होता, नोंदणीचा कायदा.

डॉ. अहमद १९३२ ते १९३६ या काळात कलकत्ता महापालिकेचे नगरसेवक होते आणि १९४२ ते १९४४ मध्ये आल्डरमन. सार्वजनिक जीवनातल्या या वावराचा उपयोग त्यांनी पेशासाठी करून घेतला. १९३९ चा बंगाल डेंटिस्ट्स कायदा होण्यात त्यांचा मोठा वाटा होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये साऱ्या देशासाठी 'डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट' झाला, त्यासाठीही त्यांनी जोर लावला. त्या कायद्यानुसार १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. पदवी कुणाची मान्य, अभ्यासक्रम कसा, नोंदणी कुणाची, हे ठरवणारी यंत्रणा पहिल्यांदा तयार झाली.

या कायद्यातला एक भाग आम्हाला माणुसकीचा वाटतो. नोंदवहीचे दोन विभाग केले गेले. 'अ' विभागात मान्यताप्राप्त पदवी असलेले. 'ब' विभागात पदवी नसली तरी कायदा येण्याआधी किमान पाच वर्षं याच कामावर पोट भरणारे. म्हणजे पिढीजात कारागिरांना एका फटक्यात रस्त्यावर आणलं नाही. त्यांची हयात त्यांना सन्मानानं काढू दिली. पण पुढच्या पिढीला मात्र शिकूनच यावं लागेल, हे पक्कं केलं.

नोंदणीची ही पद्धत आपल्या रोजच्या उपयोगाची आहे. महाराष्ट्रात दातांचे उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरकडे महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक असायला हवा. दवाखान्यात गेल्यावर तो क्रमांक विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही. मोहल्ल्यात स्वस्तात दात बसवून देणारा ओळखीचा माणूस असतो, 'आपलाच आहे' म्हणून आपण जातो. पण नीट न उकळलेल्या अवजारांमधून कावीळ ब आणि कावीळ क यांसारखे आजार रक्तात शिरू शकतात. चांगल्या दातांना घट्ट चिकटवलेली खोटी पट्टी खालच्या हिरड्या सडवते. वाचलेले दोनशे-पाचशे रुपये मग कितीतरी पटीनं मोजावे लागतात.

फाळणी झाली, ते कलकत्त्यातच राहिले

१९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. डॉ. अहमद यांचं जन्मगाव आणि ज्या ढाक्यात ते शिकले ते शहर, दोन्ही पाकिस्तानात गेली. त्या दिवसांत हजारो कुटुंबं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात होती. डॉ. अहमद कलकत्त्यातच राहिले. त्यांचं कॉलेज इथे होतं, विद्यार्थी इथे होते.

१९४९ मध्ये त्यांनी आपलं महाविद्यालय पश्चिम बंगाल सरकारच्या स्वाधीन केलं. आइस्क्रीम विकून उभी केलेली, जवळपास तीस वर्षं सांभाळलेली संस्था सार्वजनिक मालकीची झाली. त्याच सुमारास ती कलकत्ता विद्यापीठाशी जोडली गेली.

या एका निर्णयावर आम्ही जास्त वेळ थांबू इच्छितो. आपल्या समाजात शिक्षणसंस्था काढणारे बुजुर्ग कमी नाहीत. अनेकांनी घरचं सोनं विकून शाळा काढल्यात. पण पुष्कळ ठिकाणी पुढे काय होतं, हेही आपण पाहतो. संस्थापकाचा मुलगा अध्यक्ष होतो, सून सचिव होते, हिशेबावरून भांडण लागतं, प्रकरण धर्मादाय आयुक्तांकडे आणि तिथून कोर्टात जातं. शाळेचं छप्पर मात्र गळत राहतं. ज्यानं संस्था काढली त्याची नियत साफ असते. पण आपण नसताना ही संस्था कशी चालेल, याची तजवीज त्यानं केलेली नसते.

डॉ. अहमद यांनी ती तजवीज केली. प्रत्येक संस्थेनं सरकारकडेच जावं, असं आमचं म्हणणं नाही. खासगी आणि समाजाच्या संस्थाही उत्तम चालतात. पुण्याच्या आझम कॅम्पसमधलं एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आपल्या डोळ्यांसमोर आहे. मुद्दा मालकीच्या कागदाचा कमी आणि वृत्तीचा जास्त आहे. संस्था माझी नाही, माझ्यानंतर येणाऱ्यांची आहे, असं मनापासून मानणं सोपं नसतं.

मंत्री झाले, तरी

१९५० ते १९६२ या काळात डॉ. अहमद पश्चिम बंगालच्या मंत्रिमंडळात होते. मुख्यमंत्री होते डॉ. बिधानचंद्र रॉय, तेही डॉक्टरच. डॉ. अहमद यांच्याकडे शेती आणि सहकार यांसारखी खाती होती. त्या काळात पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे येत होते आणि अन्नाचा तुटवडा होता, तेव्हा शेतीखातं सांभाळणं ही काही शोभेची जबाबदारी नव्हती.

इंटरनॅशनल कॉलेज ऑफ डेंटिस्ट्सची आणि इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची फेलोशिप त्यांना मिळाली. १९६४ मध्ये भारत सरकारनं त्यांना पद्मभूषण दिला. हा सन्मान मिळालेले ते पहिले दंतवैद्य. त्यानंतर वर्षभरातच, ९ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांनी काढलेलं महाविद्यालय आज 'डॉ. आर. अहमद डेंटल कॉलेज अँड हॉस्पिटल' या नावानं कोलकात्यात सियालदहजवळ सुरू आहे. रोज सकाळी तिथे रुग्णांची रांग लागते आणि सरकारी फीमध्ये मुलं बीडीएस, एमडीएस शिकतात.

आपल्या घरातल्या बीडीएसवाल्यांसाठी

आता पुन्हा त्या नाराजीच्या वाक्याकडे येऊ.

बीडीएसचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया हे विषय असतात आणि पुढे औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, सर्वसाधारण वैद्यकही शिकावं लागतं. त्यापुढे नीट-एमडीएस देऊन तीन वर्षांचं एमडीएस करता येतं. वाकडे दात सरळ करणारी ऑर्थोडॉन्टिक्स, मुलांचे दात पाहणारी शाखा, हिरड्यांची शाखा, जबड्याच्या शस्त्रक्रियेची शाखा, अशा वेगवेगळ्या वाटा तिथून फुटतात. ज्यांना शिकवायची आवड आहे ते दंत महाविद्यालयात प्राध्यापक होतात. सार्वजनिक आरोग्याची शाखाही आहे, आणि आपल्या वस्त्यांना तिची फार गरज आहे.

कारण दातांचा डॉक्टर फक्त दात पाहत नाही. गुटखा, तंबाखू, मिश्रीची सवय असलेल्यांच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा उठतो, तोंड हळूहळू कमी उघडू लागतं. कर्करोगाकडे नेऊ शकणारी ही खूण बऱ्याचदा सगळ्यात आधी दंतवैद्याच्याच नजरेला पडते. आपल्या मोहल्ल्यात पानटपऱ्या किती आणि तोंड तपासणारे किती, हे ज्यानं त्यानं मोजून बघावं. मधुमेह असलेल्या अम्मीच्या हिरड्या का सुजतात, हेही तोच सांगतो. लहान मुलाचे दात-जबडा वयाच्या सातव्या वर्षाच्या आसपास एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवावेत असं तज्ज्ञ सांगतात. त्या वयात दोष सापडला तर पुढचा उपचार कधीकधी सोपा होतो.

हे खरं आहे की बीडीएस झालेल्यांना सगळं आयतं मिळत नाही. खासगी कॉलेजची फी मोठी, दवाखाना थाटायचा तर खुर्ची आणि यंत्रांचा खर्च मोठा, आणि सुरुवातीचा पगार तुटपुंजा. या अडचणी आम्ही नाकारत नाही. पालकांनी प्रवेशाआधी सरकारी जागा, शिष्यवृत्ती, कॉलेजची मान्यता आणि तिथे रुग्ण किती येतात, हे सगळं नीट तपासावं. कारण दंतवैद्यक रुग्णांवर काम करूनच हातात बसतं. ज्या कॉलेजच्या ओपीडीत शुकशुकाट आहे, तिथली पदवी भिंतीवर शोभेल, पण हाताला सवय कुठून येणार?

पण 'एमबीबीएस नाही म्हणून' हे वाक्य आता आपण सोडून द्यायला हवं. ज्या वर्षी रफीउद्दीन अहमद आयोवाला निघाले, त्या वर्षी त्यांच्या मुलखात हा पेशा नावालासुद्धा नव्हता. त्यांनी हलका समजला जाणारा हुनर उचलला आणि चाळीस वर्षांत त्याला कॉलेज, पुस्तक, नियतकालिक, संघटना आणि कायदा मिळवून दिला. आज देशात कुठल्याही गावात कुणी 'दंतवैद्य' म्हणून सन्मानानं बोर्ड लावतं, तेव्हा त्याच्या मागे ही सगळी मेहनत उभी असते.

यंदा २४ डिसेंबरला आपल्या भागातल्या शाळेत दातांच्या तपासणीचं शिबिर ठेवता येईल का, हे जमातीच्या, शाळेच्या आणि मोहल्ल्यातल्या डॉक्टर मंडळींनी मिळून ठरवावं. त्यासाठी फार खर्च लागत नाही. तीन-चार बीडीएसची मुलंमुली, आरसे, हातमोजे, टॉर्च आणि नोंदवही एवढ्यावर दोनशे मुलांचे दात एका दिवसात पाहून होतात. ज्यांचे दात किडलेत त्यांच्या पालकांना चिठ्ठी द्यावी आणि महिन्याभरानं कोण दवाखान्यात गेलं, कोण नाही, याची चौकशी करावी. ज्यांना पैशाची अडचण आहे त्यांना जवळच्या सरकारी किंवा दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावं. तिथे कमी खर्चात उपचार होतात. आणि शिबिरात मुलांना एवढं जरूर सांगावं, की आजचा हा दिवस कुणाच्या नावानं आहे.